'सगळं जोडून देतो' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू, दोन आंबा सीझन वापरून झाल्यावर

धंद्यातली वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांना जोडून देणारं हे सॉफ्टवेअर, त्याचं नाव टाकत नाहीये हे आधीच सांगते. यांच्यासारखे चार-पाच जण बाजारात आहेत, डेमो सगळ्यांचा सारखाच, आणि आमचा जो घोळ झाला तो यातल्या कुणाकडेही झाला असता असं माझ्या भाच्याचं म्हणणं आहे. तो हिंजवडीला याच कामात आहे त्यामुळे त्याचं मी ऐकते, निदान या विषयात तरी.

आमचं घर रत्नागिरीजवळ, हापूसची बाग. सासरे, म्हणजे आमचे बाबा, गोडाऊन आणि वाशीच्या दलालाचा हिशोब बघतात, भावोजी बाग बघतात, मी वेबसाईट आणि व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी. आमचे हे सगळीकडे थोडे थोडे असतात, म्हणजे कुठेच नसतात. आता सॉफ्टवेअर किती? गोडाऊनला बाबांचं जुनं काउंटर बिलिंग, त्यात सगळं मराठीत टाकलेलं, ते काही बाबा सोडणार नाहीत. वेबसाईट वेगळ्या कंपनीची. सीए साहेबांकडे टॅली. आणि कुरिअरवाल्याचं स्वतःचं पोर्टल. चार घरं, चार चुली. मी रोज रात्री वेबसाईटवरच्या ऑर्डरी वहीत उतरवायचे, सकाळी बाबा वहीवरून बिलं करायचे, आणि महिन्याच्या शेवटी सीएकडचा मुलगा तेच सगळं तिसऱ्यांदा टाईप करायचा. म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत हे जोडणीवालं सॉफ्टवेअर घेतलं. वर्षाला १८,००० रुपये, चार सॉफ्टवेअरपर्यंत.

एकच मोठं सॉफ्टवेअर घ्या, सगळं त्यातच, असं सांगणारा सेल्समन पण येऊन गेला होता. त्याला बाबांनी चहा दिला आणि विचारलं की तुमचं बंद पडलं तर काय बंद पडेल. तो म्हणाला बंद पडत नाही. बाबा म्हणाले आमच्याकडे लाईट पण जात नाही असं महावितरण सांगतं. संपला विषय.

तर हे जोडणीवालं काम कसं करतं ते थोडक्यात. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरत नाही, फक्त निरोप पोचवतं. वेबसाईटवर ऑर्डर पडली की वेबसाईट निरोप देते, हे तो निरोप उचलतं, गोडाऊनच्या बिलिंगला कळेल अशा शब्दांत बदलतं आणि तिकडे टाकतं. गोडाऊनचं मशीन बंद असेल तर निरोप रांगेत थांबतो. हे खरंच भारी आहे, मनापासून सांगते. पहिल्याच एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला, सकाळी दहाला लाईट गेली ती थेट चारला आली, वेबसाईट मात्र तिकडे लांब कुठल्यातरी सर्व्हरवर मजेत चालू होती आणि ऑर्डरी घेत होती, आणि चारला गोडाऊनचं मशीन चालू केल्यावर दहा मिनिटांत एकामागून एक ३७ बिलं खाली उतरली. बाबा चष्मा लावून बघत बसले होते. तेवढ्यासाठी मी दोन स्टार तिथल्या तिथे दिले होते.

आणि मग पुण्याच्या काकूंचा फोन आला.

काकू कोथरूडच्या, दरवर्षीच्या. "अगं मी एक बॉक्स सांगितला होता ना, मग ही एवढी लाकडी पेटी कशाला पाठवलीस, दोघंच असतो आम्ही, खाणार कोण." एक बॉक्स म्हणजे वेबसाईटवर पुठ्ठ्याचा खोका, एक डझन. पैसे एका डझनाचे भरलेले. गेली होती पाच डझनांची पेटी. मी म्हटलं टेम्पोवाल्याची चूक असेल. संध्याकाळपर्यंत तसेच अजून सहा फोन. मग बिलं काढून बघितली तर बिलातच 'पेटी, नग १' असं छापलेलं. टेम्पोवाल्याने बिलावर होतं तेच दिलं बिचाऱ्याने.

झालं असं की जोडणीच्या वेळी एक पान येतं, डावीकडे वेबसाईटचे शब्द, उजवीकडे गोडाऊनचे, आणि सॉफ्टवेअर स्वतःच जोड्या लावून दाखवतं. बॉक्स समोर पेटी. पुढे हिरवी टिक. मला पण वाचताना बरोबरच वाटलं, बॉक्सला मराठीत पेटीच म्हणतात की. डिक्शनरीत बघाल तर चूक नाहीच. पण हापूसच्या धंद्यात पेटी म्हणजे किती हे फळावर ठरतं, मोठं फळ असेल तर चार डझन, मध्यम पाच, बारीक असेल तर सहा आणि कधी त्याच्याही वर. म्हणजे पेटी हे मापच नाहीये खरं तर, ते एक भांडं आहे, आणि त्यात किती हे बाबांना बघितल्यावर कळतं. सॉफ्टवेअरला कुठून कळणार. त्याला दोन शब्द दिसले, जुळवले.

उलट्या बाजूने अजून गंमत. गोडाऊनला ४० पेट्या शिल्लक, तर वेबसाईटवर साठा दाखवला ४० बॉक्स. ते ४० बॉक्स दुपारीच संपले आणि वेबसाईटने 'सोल्ड आउट' लावलं, आणि इकडे गोडाऊनमध्ये दोनशे डझनांच्या आसपास माल आढीत पडलेला, दोन दिवस. आंबा थांबत नाही हो. बाबांनी तो मग वाशीला पाठवला आणि पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशोब, आली तेव्हा हमाली, तोलाई, दलाली जाऊन जे हातात पडलं ते मी इथे लिहीत नाही.

कंपनीच्या सपोर्टला फोन केला. मुलगी बोलायला चांगली होती, पण म्हणाली मॅडम डेटा तर व्यवस्थित सिंक झालाय, आमच्याकडे एकही एरर नाही. आणि हेच ना! एरर नाही म्हणूनच तर कळलं नाही. कुरिअरच्या बाबतीत उलटं झालं होतं, आमच्याकडून वजन ग्रॅममध्ये जायचं आणि कुरिअरवाल्याने मध्येच किलोत घ्यायला सुरुवात केली, तर ३००० किलोचं पार्सल म्हणून त्यांच्या पोर्टलने सरळ नाकारलं. पाच मिनिटांत लाल अक्षरात कळलं, दुरुस्त केलं, कुणाचं काही गेलं नाही. जे ओरडतं ते बरं असतं. पेटी गुपचूप गेली.

भाचा तेव्हा सुट्टीला आला होता. त्याला सगळं सांगितलं तर हसायलाच लागला. म्हणाला, "मामी, आमच्यात एक जुना नियम आहे, १९८० साली, इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात, जॉन पोस्टेल नावाच्या माणसाने लिहिलेला, की देताना काटेकोर राहा आणि घेताना उदार राहा." म्हटलं छानच आहे की नियम. तर म्हणतो छान आहे पण तुमचं सॉफ्टवेअर घेताना जास्तच उदार आहे, जे कळलं नाही ते पण कळलं म्हणून घेतं. आणि २०२३ मध्ये म्हणे इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनीच वेगळा कागद काढून सांगितलंय की असा उदारपणा फार केला तर चुका मुरत जातात आणि नंतर त्याच नियम होऊन बसतात. मला हे एकदम पटलं. आमच्याकडे लोणच्यात मीठ कमी पडलं तर पहिल्या आठवड्यात कळत नाही, तसंच.

पेटीवर उपाय शेवटी बाबांनीच काढला. बिलिंगमधून नुसता 'पेटी' हा शब्दच काढून टाकला. आता आमच्याकडे 'पुठ्ठा-१२', 'पेटी-४८', 'पेटी-६०', 'पेटी-७२' अशी नावं आहेत, आकडा नावातच. आणि वेबसाईटवर पण तीच नावं टाकली, सुंदर दिसत नाहीत, पण दिसायला सुंदर 'प्रीमियम गिफ्ट बॉक्स' लिहून मी परत तो फोन घेणार नाही. टॅलीकडे जाताना मात्र सगळं डझनात जातं, कारण जीएसटीच्या युनिटच्या यादीत डझन आहे, बॉक्स आहे, किलो आहे, पेटी नाही. ही सरकारी यादी बंद आहे, मनाला येईल ते टाकता येत नाही, आधी याचा राग यायचा, आता वाटतं आपल्या घरात पण अशी एक यादी असती तर ते सात फोन आले नसते.

आता दुसरी गोष्ट, ही माझी आवडती आहे, अजून सांगितली की घरात हसतात. गोडाऊनला बाबा प्रत्येक लॉटपुढे आंब्याची अवस्था लिहितात. कच्चा, पाडाला आलेला, तयार. हा तयार म्हणजे आज-उद्या खायला तयार. तो लांब पाठवायचा नसतो, जवळच्या जवळ रत्नागिरी-चिपळूणला द्यायचा. लांबच्या ऑर्डरीला कच्चा जातो, पेंढ्यात घालून, वाटेत पिकतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

सॉफ्टवेअरने काय केलं? 'तयार' समोर लावलं 'रेडी टू शिप'. आणि 'कच्चा' समोर, हो, 'ड्राफ्ट'. कच्चं बिल असतं ना, तसं कच्चा म्हणजे ड्राफ्ट! हिरवी टिक.

म्हणजे नागपूरच्या गिऱ्हाइकाला पाठवायला जे आंबे बरोबर होते ते सगळे ड्राफ्टमध्ये अडकले आणि जे आज खाल्ले नाहीत तर उद्या टाकावे लागतील ते निघाले कुरिअरने तीन दिवसांच्या प्रवासाला. एका गिऱ्हाइकाने खोका उघडल्याचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात आंबा नव्हताच, आमरस होता. सगळ्यांचे पैसे परत केले, कुणी साका, म्हणजे आतून खराब गर, निघाला म्हणालं तर एखाद्या फळाचं बदलून देतो पण इथे काय बदलून देणार.

आणि यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. बाबांनी 'तयार' लिहिलं ते खरंच तयार होतं. वेबसाईटला 'रेडी' मिळालं, तिने तिच्या अर्थाने खरं मानलं. मधला निरोप्या पण शब्द न चुकता घेऊन गेला. भाचा म्हणाला आमच्या कंपनीत पण हेच चालतं मामी, एका टीमचा 'अॅक्टिव्ह' कस्टमर म्हणजे ज्याचं खातं चालू आहे तो, दुसरीचा 'अॅक्टिव्ह' म्हणजे ज्याने या महिन्यात काही घेतलं तो, आणि मीटिंगमध्ये दोघंही आकडे दाखवून भांडतात. त्यांच्याकडे म्हणे आता कुठलाही निरोप पाठवायच्या आधी त्यातल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, रिकामा चालेल का, हे सगळं लिहून एका जागी ठेवावं लागतं, आणि त्यात न बसणारा निरोप दारातच परत जातो. त्याला ते कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. मी म्हटलं अरे मग हे आम्हाला १८,००० मध्ये का नाही दिलं?

तर दिलंय! हा भाग मला खूप उशिरा कळला म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. सेटिंगमध्ये खोल आत एक 'स्ट्रिक्ट' नावाचं बटण आहे. ते चालू केलं की हिरव्या टिका सगळ्या जातात, प्रत्येक जोडी माणसाने हाताने मंजूर करावी लागते, आणि अनोळखी शब्द आला तर ती ऑर्डर बाजूला काढून मला मेसेज येतो. डेमोमध्ये हे बटण कुणी दाखवत नाही कारण ते चालू असलं तर 'पाच मिनिटांत जोडणी' होत नाही. आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. पडवीत बसलो, मी, बाबा, भावोजी, आणि फोनवर सीएकडचा मुलगा. एकेक शब्द घेऊन. 'रेट' म्हणजे डझनाचा की नगाचा. 'रिकामा' म्हणजे शून्य की माहीत नाही, कारण एकदा भाव टाकायचा राहिला होता तर वेबसाईटने तो शून्य समजून कोकम सरबताची बाटली फुकट दाखवली होती, नशीब रात्रीची वेळ, दोनच गेल्या. बाबांना आधी हे सगळं पोरखेळ वाटत होतं, दुसऱ्या संध्याकाळी तेच म्हणाले, "सूनबाई, 'परत' म्हणजे माल परत की पैसे परत, ते लिहिलंस का?" नव्हतं लिहिलं.

२०२५ चा सीझन मग खूपच बरा गेला. पूर्ण नाही. पाडवा ३० मार्चला होता, बुकिंगची झुंबड, आणि आमच्या बऱ्याच ऑर्डरी अमेरिकेतून येतात, म्हणजे मुलगा न्यू जर्सीला, आंबे डोंबिवलीला आईबाबांकडे. त्याची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. तर १ एप्रिलच्या पहाटे तीनला पडलेल्या ऑर्डरी टॅलीत ३१ मार्चला गेल्या! म्हणजे नुसता दिवस नाही, आर्थिक वर्षच बदललं. सीएचा फोन. कारण असं निघालं की वेबसाईट वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत पाठवते, आपल्या साडेपाच तास मागे, आणि मधला निरोप्या त्यातली वेळ कापून फक्त तारीख पुढे देत होता. रात्री बारा ते साडेपाच यातली प्रत्येक ऑर्डर आदल्या दिवशी. वर्षभर हे होतच होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ३१ मार्चला नडलं. हे मात्र सपोर्टने एका दिवसात नीट करून दिलं, श्रेय द्यायला पाहिजे.

डबल ऑर्डरीचं पण तसंच. आमच्या इथे नेट अर्धवट असतं, निरोप पोचतो पण 'पोचला' हे उत्तर परत जात नाही, मग निरोप्याला वाटतं पोचलाच नाही, तो परत देतो. एकच ऑर्डर तीनदा. यावर त्यांनी वेबसाईटचा ऑर्डर नंबर धरून ठेवायला सुरुवात केली, तोच नंबर परत आला की सोडून देतं. सोपं आहे, पण पहिल्या दिवसापासून चालू का नव्हतं देव जाणे.

एक चूक माझी पण आहे. यूपीआयचे पैसे जुळवायला मी बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उघडायचे, जरा नीटनेटकं करून सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाईल, म्हणून सेव्ह करायचे आणि यात टाकायचे. यूपीआयचा व्यवहार नंबर बारा आकडी. एक्सेल बारा आकडी नंबर दिसला की त्याचं पॉईंट आणि ई प्लस अकरा असं काहीतरी करून ठेवतं, आणि सीएसव्ही सेव्ह केलं की दिसतं तेच जातं, खरा नंबर गेला. मी दोन महिने कंपनीला शिव्या घालत होते की पेमेंट जुळत नाही. जुळणार कसं, दोनशे व्यवहारांचे नंबर पाच-सहा प्रकारचेच उरलेले. आता फाईल न उघडता टाकते.

आणि शेवटचा झटका सीझन नसताना. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. ताज्या आंब्याला जीएसटी नाहीच, पण फळांचा गर, जॅम, रसाची पेयं १२ वरून ५ वर आली. मी आदल्या रात्री गोडाऊनच्या बिलिंगमध्ये दर बदलून झोपले. सकाळी वेबसाईटवर बाटलीचा नवा फोटो टाकला. दुपारी बघते तर गोडाऊनला परत १२! कारण निरोप्याचा नियम असा की ज्याच्याकडे शेवटचा बदल झाला त्याचं खरं. फोटो बदलला म्हणजे वेबसाईटवरची वस्तू 'ताजी' झाली, आणि तिच्याबरोबर तिचा जुना दर पण ताजा ठरला. सहा बिलं चुकीची गेली, दुरुस्त केली. त्यानंतर प्रत्येक रकान्याला मालक ठरवला. दर टॅलीचा, साठा गोडाऊनचा, फोटो आणि वर्णन वेबसाईटचं, पत्ता गिऱ्हाइकाने टाकला तो. बाकीच्यांनी फक्त वाचायचं. ही सोय पण सॉफ्टवेअरमध्ये होतीच, त्याच खोल सेटिंगमध्ये.

म्हणून स्टार तीन. निरोप पोचवण्याचं काम पाचपैकी पाच, लाईट-नेटच्या आमच्या परिस्थितीत तर सहा. अर्थ सांभाळण्याचं काम, दिलेल्या सेटिंगवर ठेवलं तर एक. सपोर्ट मराठीत बोलतो, संध्याकाळी सातनंतर उचलत नाही, आणि आंब्याचा खरा धंदा सातनंतरच असतो. तुमचं साड्यांचं दुकान असेल, सगळं नगावर मोजलं जात असेल, तर डोळे झाकून घ्या, फारसा त्रास नाही. भाजी, फळं, मासळी, कापड मीटरवर, असं काही असेल तर घ्या पण आधी स्ट्रिक्ट बटण विचारा, आणि सेल्समनला तुमच्या गोडाऊनच्या माणसासमोर बसवा, मालकासमोर नाही.

वाशीची पट्टी अजून व्हॉट्सअॅपवर फोटोच येते, दलालाच्या मुनीमाच्या अक्षरात. त्यांचं नवीन फीचर आहे म्हणे, फोटो वाचून हिशोब टाकतं. गेल्या महिन्यात ट्रायल दिली, जुन्या पट्टीवर. त्याने 'हमाली' हे गिऱ्हाइकाचं नाव समजून नवीन खातं उघडलं आणि तिच्या नावावर उधारी टाकली. बाबा म्हणतात वसुलीला कधी जायचं ते सांग.